मुलांच्या हाती निवड सोपवणाऱ्या ताराबाई

गिरगावात प्रार्थना समाजचा नाका आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेथून जवळच सेंट तेरेसा चर्च आहे. बसमधून त्या नाक्यावर आपण कितीदा चढतो-उतरतो. पण ज्या संस्थेवरून ते नाव पडले ती प्रार्थना समाज नावाची संस्था १८६७ साली मुंबईत स्थापन झाली, आणि तिच्या मंदिरात जमणाऱ्या मंडळींनी स्त्रीशिक्षण व विधवाविवाह यांसारख्या गोष्टी नुसत्या बोलून न थांबता आपापल्या घरात आणल्या, याची आठवण आता फार थोड्यांना असते. या समाजाच्या एका घरात, सदाशिवराव व उमाबाई केळकर यांच्या पोटी, १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव तारा. पुढे महाराष्ट्र आणि गुजरात तिला ताराबाई मोडक या नावाने ओळखू लागला.

ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. तरीही त्यांचे चरित्र आज या पानावर देण्यास एक कारण आहे. प्रथम कम्युनियनच्या वर्गाची नोंदणी सुरू झाली की पालकांच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. आमच्या मुलाला बरेवाईट कळते का? आणि कळत असेल, तर कळूनही तो नको तेच का करतो? संत पोप दहावे पायस यांनी १९१० साली लहान मुलांना कम्युनियन देण्याविषयी जो आदेश काढला, त्यात समजण्याचे वय साधारण सातव्या वर्षाच्या आसपास धरले आहे. पण ही समज सातव्या वाढदिवसाच्या केकबरोबर घरी येत नाही. ती त्याआधी चार-पाच वर्षे, दिवसाला थोडी थोडी अशी जमत असते. ती कशी जमते आणि मोठ्या माणसांनी तेव्हा काय करायचे असते, याचा शोध घेण्यात ताराबाईंनी आपल्या आयुष्याची पन्नास वर्षे घालवली. त्यांतली काही वर्षे इथेच, आपल्या दादरला गेली.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी मुलीने बी. ए. होणे ही बातमी होण्यासारखी गोष्ट होती. अमरावतीच्या एका वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मोडक होऊन वऱ्हाडात गेल्या. तो संसार टिकला नाही. १९२१ साली ते नाते संपले. विवाहाच्या बंधनाचे मोल आपल्या श्रद्धेत काय आहे हे आपण जाणतो, आणि त्या दुःखाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. एवढेच सांगायचे की वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पदरी लहान मुलगी घेऊन, ताराबाई एकट्या उभ्या राहिल्या. पोटासाठी काम हवे होते. राजकोटला स्त्रियांसाठी शिक्षिका घडवणारे कॉलेज होते, तेथे त्यांना प्राचार्यपद मिळाले. पगार बरा, मान मोठा, राहण्याची सोय. एकट्या बाईला त्या काळात याहून सुरक्षित जागा मिळणे कठीणच होते.

आणि ती जागा त्यांनी सोडली!

राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची शिक्षणसंस्था होती. तेथे गिजुभाई बधेका हे गृहस्थ लहान मुलांची शाळा चालवीत. गिजुभाई मूळचे वकील. त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे याचा विचार करता करता त्यांच्या हाती डॉ. मारिया माँटेसरी यांचे पुस्तक पडले. वकिली सुटली. १९१६ साली ते दक्षिणामूर्तीत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांवरच्या मायेमुळे गुजरातने त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशाळ आई, असे नाव दिले. ताराबाई त्यांना १९२३ साली येऊन मिळाल्या. प्राचार्यांनी बालवर्गातल्या मुलांबरोबर चटईवर जाऊन बसावे, हे तेव्हाच्या लोकांना मोठेच अधःपतन वाटले असणार. आजही आपल्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणतात आणि बालवाडीत शिकवणारीला नुसती बाई.

येथे माँटेसरीबाईंविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण त्या आपल्यातल्याच होत्या. ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत जन्मलेल्या या कॅथोलिक स्त्रीने १८९६ साली रोमला डॉक्टरकीची पदवी घेतली. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरीब कामगारांची वस्ती होती. आईबाप दिवसभर कामावर, आणि पोरे जिन्यात आणि भिंतींवर रेघोट्या ओढीत हिंडत. आपल्या लालबाग-परळच्या गिरणगावातल्या चाळींत ज्यांचे आजी-आजोबा राहिले, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. इमारतीची नासधूस थांबावी म्हणून मालकांनी या पोरांना एका खोलीत सांभाळण्याचे काम डॉ. माँटेसरींवर सोपवले. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ती खोली उघडली. मालकांना भिंती वाचवायच्या होत्या. डॉ. माँटेसरींना मात्र दिसले की योग्य वस्तू समोर ठेवल्या आणि मध्ये मध्ये लुडबूड केली नाही, तर तीन-चार वर्षांचे मूल आपले काम आपण निवडते आणि ते पुरे करते.

भावनगरच्या बालमंदिरात ताराबाईंनी जवळजवळ नऊ वर्षे हेच काम जवळून पाहिले, केले, आणि त्यावर लिहिले. त्या खोलीत नेमके काय चालत असे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण साऱ्या गोष्टीचा गाभा तेथेच आहे.

मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर फळ्या. फळीवर साधने मांडलेली. प्रत्येक साधन एकच. मूल येते, फळीसमोर उभे राहते आणि ठरवते. काय घ्यावे हे बाई सांगत नाहीत. घेतलेली वस्तू चटईवर नेऊन त्याने हवा तितका वेळ तिच्याशी काम करावे. काम झाले की ती पुन्हा जागच्या जागी ठेवायची, मगच दुसरी घ्यायची. दुसऱ्या मुलाच्या हातातली वस्तू हवी असेल तर थांबायचे. हिसकावायची नाही, आणि बाईंकडे तक्रार नेऊनही ती मिळत नाही.

आता या साध्या नियमात किती गोष्टी आल्या पाहा. मुलाला दहा गोष्टींतून एक निवडायची आहे, म्हणजे नऊ सोडायच्या आहेत. निवडलेल्या गोष्टीची जबाबदारी शेवटपर्यंत, म्हणजे ती परत ठेवीपर्यंत, त्याची आहे. हवे ते लगेच मिळत नाही आणि त्याने आकाश कोसळत नाही, हेही त्याला रोज अनुभवायला मिळते. मोठेपणी आपण जे निर्णय चुकवतो, ते बहुतेक या तीन ठिकाणीच चुकवतो. सोडता येत नाही, निभावता येत नाही, किंवा थांबता येत नाही.

दुसरी गोष्ट चुकीची. एका लाकडी ठोकळ्यात दहा खळगे असतात आणि त्यांत बसणारे लहानमोठे दहा दट्टे असतात. मूल दट्टे काढते आणि पुन्हा बसवते. एक जरी चुकीच्या खळग्यात गेला, तरी शेवटी एक दट्टा उरतो आणि तो कोठेच मावत नाही. चुकले, हे साधनच सांगते. बाईंनी बोट दाखवायचे नाही, हसायचे नाही, शाबासकीही द्यायची नाही. मूल थांबते, बघते, सारे दट्टे काढते आणि पुन्हा बसवते. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना सांडले, तर जवळ फडके ठेवलेले असते. पुसायचे आणि पुन्हा ओतायचे. चूक म्हणजे पाप नव्हे आणि लपवण्याची गोष्टही नव्हे, ती दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, हे मुलाला कोणी न बजावता कळते. कुमसारासाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या आपल्या धर्मशिक्षकांनी या पाण्याच्या पेल्याचा जरूर विचार करावा. चूक कबूल केली की मार बसतो, असे ज्या मुलाला घरी शिकवले गेले आहे, त्याला क्षमा म्हणजे काय हे फळ्यावर लिहून समजावणे फार अवघड जाते.

बालमंदिरात बक्षीस नव्हते आणि शिक्षाही नव्हती. छडीला विरोध समजण्यासारखा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेतला मार बंद केला आहे. पण बक्षीस का नको? त्याचे कारण असे की मार आणि बक्षीस ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हीत मूल कामाकडे पाहायचे सोडून मोठ्यांच्या तोंडाकडे पाहायला शिकते. पप्पा बघत असतील तर वाटून खाईन, नाहीतर एकट्याने खाईन. अशा मुलाने चांगली निवड केली असे वरवर दिसते. खरे पाहता निवड पप्पांनी केलेली असते. पप्पा जन्मभर बरोबर असणार नाहीत.

येथे अनेकांचा एक गैरसमज होतो, तो दूर केला पाहिजे. मुलांना स्वातंत्र्य म्हणजे मुले म्हणतील ते, असा याचा अर्थ ताराबाईंनी कधीच घेतला नाही. फळीवर काय ठेवायचे हे मोठी माणसे ठरवीत. दुसऱ्याला त्रास देण्याचे, वस्तू मोडण्याचे स्वातंत्र्य कोणालाच नव्हते. स्वच्छता, आरोग्य यांबाबत मुलाचे मत विचारले जात नसे. नखे कापायची की नाही, हा काही निवडीचा विषय नव्हे. उलट आपण आज घरोघरी करतो काय? चार वर्षांच्या मुलाला हॉटेलात मेनूकार्ड देऊन काय हवे ते विचारतो, मोबाईल हातात देऊन काय बघायचे ते त्याच्यावर सोपवतो, आणि कोणता शर्ट घालायचा, आधी कोणता अभ्यास करायचा, स्वतःच्या खाऊच्या पैशांचे काय करायचे, या त्याच्या आवाक्यातल्या गोष्टी मात्र आपण ठरवतो. मोठी निवड लहान हातात आणि लहान निवड मोठ्या हातात! मग दहावीचा निकाल लागला की त्याच मुलाला समोर बसवून सायन्स की कॉमर्स हे विचारतो आणि त्याला सांगता येत नाही म्हणून चिडतो. ज्याने दहा वर्षांत एकही निर्णय स्वतः घेऊन त्याचे बरेवाईट फळ भोगलेले नाही, तो त्या दिवशी काय सांगणार?

ताराबाईंची जी पुस्तके आहेत, त्यांत बालकांचा हट्ट आणि बालविकास व शिस्त या नावांची पुस्तके आहेत. नुसत्या नावांवरूनच लक्षात यावे की घरातल्या रोजच्या कटकटीला त्यांनी अभ्यासाचा विषय मानले. हट्टाकडे आपण बंडखोरी म्हणून पाहतो. पण दोन-तीन वर्षांचे मूल नाही म्हणायला लागते, तेव्हा ते पहिल्यांदाच आपल्या इच्छेची ताकद अजमावून पाहत असते. ती इच्छाशक्ती मोडून टाकली तर मूल शांत होते खरे. पण पुढे वाईट संगतीत कोणी सिगारेट पुढे केली, तर तेव्हा नाही म्हणायला तीच इच्छाशक्ती लागते. ती घरातच मोडलेली असेल तर बाहेर कोठून आणणार?

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका नावाचे मासिक आधी गुजरातीतून, पुढे मराठीतूनही निघू लागले. आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

त्या वेळचे दादर कसे होते? प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या होत्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या होत्या. गिरगावच्या कोंदट चाळींतून कारकून, शिक्षक, वकील अशी मंडळी मोकळ्या हवेत राहायला येत होती. आपल्या मुलांनी पुढे जावे ही तळमळ या घरांत होती, आणि त्याबरोबरच घाईही होती. पाटी-पेन्सिल नाही, बाराखडी घोकून घेणे नाही, मुले दिवसभर दट्टे बसवतात आणि पाणी ओततात, ही कसली शाळा, असा प्रश्न पडणे साहजिकच होते. म्हणून पालकांशी बोलणे, त्यांच्यासाठी लिहिणे, हे ताराबाईंच्या कामाचे मोठे अंग बनले. मूल शाळेत दोन-तीन तास असते, बाकी वेळ घरी. शाळेत स्वतः चप्पल घालणाऱ्या मुलाला घरी आजी चप्पल घालून देत असेल, तर शिक्षिकेचे काम दुपारी बारा वाजता पुसले जाते. शिशुविहारच्या जोडीला बालअध्यापन मंदिर सुरू झाले. तेथे मराठीतून शिक्षिका तयार होऊ लागल्या. पहिला धडा हात मागे घेण्याचा असे. मूल धडपडत असताना मदतीला न धावणे हे, ज्यांनी करून पाहिले आहे त्यांनाच कळेल, किती कठीण असते.

गिजुभाई १९३९ साली मुंबईतच वारले. त्याच वर्षी डॉ. माँटेसरी भारतात आल्या. महायुद्ध सुरू झाल्यामुळे त्या येथे अडकल्या आणि १९४६ पर्यंत राहिल्या. त्यांच्या वर्गांतून देशभरातल्या शेकडो शिक्षकांनी शिक्षण घेतले. आपल्याकडे कोणत्याही बालवर्गाला माँटेसरी म्हणण्याची पद्धत रूढ झाली ती त्याच काळात. नावाची पाटी लागली, पण आत मात्र तीन वर्षांच्या मुलाला ओळीत बसवून घोकंपट्टी, असेही पुष्कळ ठिकाणी झाले. ते आजही चालू आहे.

दादरचे काम जोरात चालले होते. आता आपण स्थिर झालो, असे ताराबाईंना वाटायला हरकत नव्हती. वय त्रेपन्न. परंतु त्यांना एक गोष्ट टोचत होती. ही साधने महागडी. ती घेणे शहरातल्या पैसेवाल्या घरांना परवडे. मग खेड्यातल्या मुलाचे काय? त्याला निवड करायला शिकण्याचा हक्क नाही का? १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे) किनाऱ्यावरील बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. चिकूच्या वाड्यांसाठी आपण ज्याला ओळखतो तेच हे बोर्डी. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या आणि स्वतःच्या जिद्दीवर शिकलेल्या शिक्षिका होत्या.

बोर्डीला दोघींनी काय केले? समुद्रकाठचे शंखशिंपले, नदीतले गोटे, बिया, पाने, बांबूची कांडकी, कुंभाराची माती, यांतून साधने बनवली. दहा गोटे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला मुलाला जी बुद्धी लागते, तीच परदेशातून आणलेल्या गुलाबी मनोऱ्याला लागते. डॉ. माँटेसरींची साधने ठरलेल्या मापाचीच असावीत असा त्या पद्धतीचा आग्रह होता आणि त्यामागे विचारही होता. ताराबाईंनी ती चौकट ओलांडली. हा निर्णय योग्य होता की नाही यावर जाणकारांत वाद होऊ शकेल. मला विचाराल तर तो योग्यच होता, कारण साधन मुलासाठी असते.

पण बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुले येईनात. कोणाच्या अंगावर धड कपडे नाहीत, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, आणि मध्ये जातीची भिंत. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी भरते ती मध्यवर्ती बालवाडी, आणि वस्तीत, लोकांच्या सोयीने, अंगणात भरते ती अंगण-बालवाडी. तेथे आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणे, आणि मग खेळ व गाणी.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. येथे अडचण आणखी वेगळी निघाली. सात-आठ वर्षांची पोरे सकाळीच गुरे घेऊन रानात जात. या मुलांना शिक्षणाची आवड नाही, आईबापांना किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. सरकारी कागदांत बहुधा तसेच लिहिले जाई. ताराबाई आणि अनुताई यांनी पाहिले की त्या मुलापुढे निवड नव्हतीच. गुरे राखली नाहीत तर घरात खायला नाही. तेव्हा त्यांनी शाळा कुरणात नेली. गुरे चरत असताना झाडाखाली शिकायचे. तिचे नाव पडले कुरणशाळा. धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीसाठी शाळेला लागूनच पाळणाघर काढले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच अंगणात अशी जी रचना उभी राहिली, तिला विकासवाडी म्हणतात.

आपल्यापैकी जे विन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम करतात, वस्तीत घरोघर जातात, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. एखाद्या मुलाने शाळा सोडली की त्याने चुकीचा निर्णय घेतला असे आपण पटकन म्हणतो. त्याच्यासमोर फळीवर ठेवलेले तरी काय होते, हे बघायला आपण त्याच्या खोलीत शिरत नाही.

मधल्या काळात, १९४६ ते १९५१, ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. या मानसन्मानांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पाड्यावरच्या मुलांना पद्मभूषण म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि कामाचे तास त्याने कमी झाले नाहीत. सत्तरी उलटल्यावरही त्यांचे चित्त कोसबाडलाच होते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. माँटेसरींच्या जन्माची तारीखही तीच, हा योगायोग. कोसबाडचे काम त्यानंतर अनुताईंनी १९९२ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत चालवले.

ताराबाई गेल्या त्याला दोन वर्षे झाली आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने सहा वर्षांखालील मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पोषण, लसीकरण आणि शाळेआधीचे शिक्षण एकाच ठिकाणी देणाऱ्या या योजनेच्या केंद्राला अंगणवाडी म्हणतात. आज मुंबईतल्या वस्त्यांपासून गडचिरोलीच्या पाड्यांपर्यंत सकाळी ज्या खोल्या उघडतात आणि ज्यांच्या दाराशी चिमुकल्या चपला ओळीने काढून ठेवलेल्या असतात, त्या याच अंगणवाड्या. चपला कोणी लावल्या, मुलांनी की बाईंनी, हे तेवढे आत जाऊन बघावे लागते.